अवटू ग्रंथीच्या कर्करोगातील सोनोग्राफी लक्षणे आणि फलानुमान

अवटू ग्रंथीच्या कर्करोगातील सोनोग्राफी लक्षणे म्हणजे मानेच्या पुढील भागात असणाऱ्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीतील गाठीची आणि मानेतील लसीका ग्रंथींची श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने दिसणारी वैशिष्ट्ये होत. या वैशिष्ट्यांवरून गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता, रोगाचा स्थानिक विस्तार आणि काही अंशी रुग्णाचे फलानुमान, म्हणजे रोगाची पुढील वाटचाल कशी होईल याविषयीचा वैद्यकीय अंदाज, ठरविला जातो. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही, ती वेदनारहित व तुलनेने स्वस्त असते आणि कितीही वेळा करता येते. त्यामुळे अवटू ग्रंथीतील गाठींच्या निदानात ती पहिली व मुख्य प्रतिमा-तपासणी मानली जाते.

सोनोग्राफीपुढे दोन वेगवेगळे प्रश्न असतात. गाठ कर्करोगाची आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि कर्करोग असल्यास तो कसा वागेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात ही तपासणी बरीच समर्थ आहे, दुसऱ्याच्या बाबतीत तिचे सामर्थ्य मर्यादित आहे. प्रतिमेत अत्यंत संशयास्पद दिसणारी लहान गाठ अनेकदा आयुष्यभर निरुपद्रवी राहते, तर निरुपद्रवी भासणारी एखादी गाठ रक्तावाटे हाडांत वा फुप्फुसांत पसरू शकते. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे काही देशांत हजारो लोकांवर अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्या.

पार्श्वभूमी

अवटू ग्रंथीत गाठी होणे अतिशय सामान्य आहे. हाताने चाचपून पाहिल्यास आयोडीनची कमतरता नसलेल्या प्रदेशांत सुमारे ५ टक्के स्त्रियांत व १ टक्का पुरुषांत गाठ जाणवते. परंतु सोनोग्राफी केल्यास निरनिराळ्या पाहण्यांत १९ ते ६८ टक्के लोकांत लहानमोठ्या गाठी आढळल्या आहेत. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते आणि स्त्रियांत ते अधिक असते. वैद्यकीय मूल्यमापनासाठी येणाऱ्या गाठींपैकी साधारणपणे ७ ते १५ टक्के गाठी कर्करोगाच्या निघतात. म्हणजे बहुसंख्य गाठी साध्याच असतात, आणि त्यांतून मोजक्या धोकादायक गाठी वेगळ्या काढणे हे सोनोग्राफीचे पहिले काम ठरते.

अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार चार आहेत. पॅपिलरी कर्करोग सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त रुग्णांत आढळतो. त्याखालोखाल फॉलिक्युलर कर्करोगाचा क्रम लागतो. या दोहोंना मिळून विभेदित कर्करोग म्हणतात, कारण त्यांच्या पेशींत मूळ अवटू पेशींचे गुणधर्म बऱ्याच अंशी टिकून असतात. कॅल्सिटोनिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या सी-पेशींपासून उद्भवणारा मेड्युलरी कर्करोग आणि अत्यंत घातक असा ॲनाप्लास्टिक कर्करोग हे तुलनेने विरळ प्रकार होत.

इतिहास

अवटू ग्रंथीच्या श्राव्यातीत ध्वनी-तपासणीचा आरंभीचा महत्त्वाचा अभ्यास जपानमधील फुजिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. १९७०च्या दशकात या तपासणीचा मुख्य उपयोग गाठ द्रवयुक्त आहे की घन, एवढेच सांगण्यासाठी होत असे. पुढे उच्च कंप्रतेच्या ध्वनिशलाका उपलब्ध झाल्यावर एक-दोन मिलिमीटर आकाराचे तपशीलही दिसू लागले. आडवीपेक्षा उभी वाढलेली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक असते, हे निरीक्षण दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००२ साली मांडले व ते आज सर्वमान्य आहे. चिलीमधील एलेओनोरा होरवाथ व सहकाऱ्यांनी २००९ साली स्तनांच्या प्रतिमांसाठी वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणाच्या धर्तीवर अवटू ग्रंथीसाठी ‘टायरॅड्स’ हे वर्गीकरण सुचविले. त्यानंतर कोरिया, युरोप, अमेरिका व चीन येथील संस्थांनी आपापली रूपे तयार केली.

प्रतिमेमागील तत्त्व

शलाकेतून निघालेल्या ध्वनिलहरी ऊतींतील भिन्न घनतेच्या सीमांवर आदळून परत येतात; परत येणाऱ्या प्रतिध्वनींपासून पडद्यावर करड्या छटांची प्रतिमा तयार होते. अवटू ग्रंथी त्वचेलगत असल्यामुळे तिच्यासाठी साधारणपणे ७ ते १५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची शलाका वापरता येते. कंप्रता जितकी जास्त तितका तपशील अधिक, मात्र खोली कमी.

निरोगी ग्रंथी ही कलिल द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पुटकांची बनलेली असते. पुटक आणि द्रव यांच्यातील सीमा प्रचंड संख्येने असल्यामुळे ती प्रतिमेत एकसारखी उजळ दिसते. पॅपिलरी कर्करोगात पेशींची दाटी होते, कलिल द्रव कमी होतो आणि ध्वनी परतविणाऱ्या सीमा घटतात; परिणामी गाठ काळसर दिसते. संशयास्पद मानल्या जाणाऱ्या इतर लक्षणांमागेही असाच काहीतरी शारीर आधार आहे. तो माहीत असला म्हणजे एखादे लक्षण कोठे फसवू शकते याचाही अंदाज येतो.

संशयास्पद लक्षणे

गाठीची घडण हे पाहावयाचे पहिले वैशिष्ट्य. पूर्णपणे द्रवयुक्त गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते. स्पंजासारखी, म्हणजे लहान लहान पोकळ्यांनी भरलेली गाठही निरुपद्रवी समजली जाते. घन गाठीत धोका वाढतो. अंशतः द्रवयुक्त गाठीत घन भाग कसा आहे ते पाहावे लागते, कारण पॅपिलरी कर्करोगातही पोकळ्या होऊ शकतात.

काळसरपणा, ज्याला अहवालात ‘हायपोएकोइक’ म्हटलेले असते, हे कर्करोगात वारंवार आढळणारे परंतु एकट्याने फारसे निर्णायक नसलेले लक्षण आहे. कितीतरी साध्या गाठीही काळसर असतात. गाठ मानेच्या पुढील पट्टीसारख्या स्नायूंपेक्षाही गडद दिसत असेल, तर मात्र त्या लक्षणाचे वजन बरेच वाढते. हाशिमोतो अवटुशोथ या स्वयंप्रतिरक्षा विकारात संपूर्ण ग्रंथीच काळपट व खडबडीत होते. अशा पार्श्वभूमीवर काळसर गाठ वेगळी ओळखणे अवघड जाते, आणि कधी कधी शोथाचे बेट गाठ म्हणून नोंदले जाते.

आडव्या छेदात गाठीची पुढून मागे जाणारी उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त असणे, हे अतिशय विशिष्ट लक्षण आहे. साध्या गाठी सर्वसाधारणपणे ग्रंथीच्या नैसर्गिक थरांना अनुसरून पसरतात, कर्करोगाची गाठ ते थर ओलांडून वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे लक्षण सर्व कर्करोगांत दिसत नाही, पण दिसले तर ते दुर्लक्षिता येत नाही. विशेषतः लहान गाठींत त्याचा उपयोग होतो.

गाठीची कडा वेडीवाकडी, काटेरी किंवा लहान लहान फुगवट्यांची असल्यास ती शेजारच्या ऊतीत शिरत असल्याचा संशय येतो. अस्पष्ट कडा आणि अनियमित कडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत कडा नीट दिसत नाही व तिला फारसे महत्त्व दिले जात नाही. दुसरीत कडा स्पष्ट दिसते, पण वाकडी असते. अहवाल वाचताना हा फरक बहुधा निसटतो.

गाठीतील टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, म्हणजे सूक्ष्म कॅल्शियम कण, हे पॅपिलरी कर्करोगाचे सर्वांत प्रसिद्ध लक्षण होय. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या थरथरांच्या कॅल्शियमयुक्त सॅमोमा पिंडांशी त्यांचा संबंध जोडला जातो. हे कण इतके लहान असतात की त्यांच्यामागे सावली पडत नाही. दाट कलिल द्रवामुळेही तसेच ठिपके दिसतात, परंतु त्यांच्या मागे धूमकेतूच्या शेपटीसारखी निमुळती उजळ रेघ असते आणि ते साधेपणाचे चिन्ह ठरते. कॅल्शियमचे मोठे खडे जुन्या, साध्या गाठींतही होतात. गाठीभोवती कॅल्शियमचे कवच असेल आणि ते एखाद्या ठिकाणी फुटून आतील काळसर भाग बाहेर डोकावत असेल, तर संशय बळावतो.

ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलेली वाढ हे निदानाइतकेच फलानुमानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे लक्षण आहे. गाठ आवरणाला चिकटलेली असणे, आवरणाची उजळ रेषा खंडित होणे आणि पुढील स्नायूंत, श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत प्रत्यक्ष शिरकाव होणे अशा याच्या चढत्या पायऱ्या आहेत. नुसता स्पर्श म्हणजे शिरकाव नव्हे. मात्र संपर्काची लांबी जितकी अधिक तितकी शिरकावाची शक्यता वाढते.

डॉप्लर पद्धतीने दिसणाऱ्या रक्तप्रवाहाला एकेकाळी बरेच महत्त्व दिले जात असे. गाठीच्या मध्यभागातील वाढता रक्तप्रवाह कर्करोगाचा निदर्शक समजला जाई. पुढील अनुभवावरून तो पुरेसा विश्वासार्ह नसल्याचे दिसून आले आणि प्रमुख गुणांकन पद्धतींत त्याला स्थान उरले नाही. गाठीचा कठीणपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी ही पूरक तपासणी आहे. ती सोनोग्राफीला पर्याय नाही.

गुणांकन पद्धती

वरील लक्षणांपैकी एकही एकटे पुरेसे नसल्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करण्याच्या पद्धती विकसित झाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत घडण, उजळपणा, आकार, कडा व पांढरे ठिपके या पाच बाबींना गुण देऊन बेरीज केली जाते. घन गाठीस २, काळसरपणास २, अतिगडदपणास ३, उभ्या वाढीस ३, अनियमित कडेस २, ग्रंथीबाहेरील वाढीस ३ आणि सूक्ष्म ठिपक्यांस ३ गुण मिळतात. बेरीज ३ असल्यास तिसरी श्रेणी, ४ ते ६ असल्यास चौथी आणि ७ किंवा अधिक असल्यास पाचवी श्रेणी दिली जाते. तिसऱ्या श्रेणीत कर्करोगाची शक्यता सुमारे ५ टक्के, चौथीत ५ ते २० टक्के आणि पाचवीत २० टक्क्यांहून अधिक मानली जाते.

श्रेणी ठरल्यावरही लगेच सुई घातली जात नाही; आकारही पाहिला जातो. पाचव्या श्रेणीतील गाठ १ सेंटिमीटर, चौथीतील १.५ सेंटिमीटर आणि तिसरीतील २.५ सेंटिमीटर झाली असेल, तरच सुईतपासणीची शिफारस होते. युरोपीय पद्धतीत हीच मर्यादा अनुक्रमे १०, १५ आणि २० मिलिमीटरच्या वर आहे. दिसायला अत्यंत संशयास्पद असलेली ६ मिलिमीटरची गाठ सुईविना सोडून द्यावी, हे रुग्णांना व पुष्कळदा डॉक्टरांनाही पटत नाही. परंतु या मर्यादा निदान चुकविण्यासाठी नसून, ज्या लहान कर्करोगांचे निदान करून रुग्णाचा लाभ होत नाही ते टाळण्यासाठी आखलेल्या आहेत.

निवडलेल्या गाठीतून सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली बारीक सुईने पेशी काढून तपासल्या जातात. त्यांचा अहवाल बेथेस्डा पद्धतीनुसार सहा वर्गांत दिला जातो. दुसरा वर्ग साधी गाठ आणि सहावा वर्ग कर्करोग दर्शवितो; तिसऱ्या व चौथ्या वर्गांत निश्चित निष्कर्ष निघत नाही. पेशींचा अहवाल आणि प्रतिमा यांत विसंगती असल्यास, उदाहरणार्थ गाठ पाचव्या श्रेणीची पण पेशी साध्या, तपासणी पुन्हा करण्याचा प्रघात आहे.

कर्करोगाच्या प्रकारानुसार चित्र

वर सांगितलेली लक्षणे मुख्यतः नेहमीच्या पॅपिलरी कर्करोगाची आहेत. त्याच्या काही उपप्रकारांचे चित्र निराळे असते. विसरित दृढीकारक उपप्रकार तरुणांत अधिक आढळतो. त्यात स्पष्ट गाठ नसतानाही संपूर्ण खंडात सूक्ष्म कण विखुरलेले दिसतात, हिमवादळासारख्या या देखाव्यासोबत लसीका ग्रंथींतील प्रसारही बहुधा असतो. उंच पेशींचा उपप्रकार अधिक आक्रमक असतो, पण केवळ प्रतिमेवरून तो नेहमीच्या पॅपिलरी कर्करोगापासून खात्रीने वेगळा करता येत नाही.

फॉलिक्युलर कर्करोग ही या तपासणीची दुबळी बाजू होय. तो प्रायः गोल-लांबट, गुळगुळीत कडेचा, शेजारच्या ऊतीइतकाच उजळ आणि पातळ काळसर वलय असलेला दिसतो, म्हणजेच साध्या ग्रंथी-अर्बुदासारखा. अशा घन, सम-उजळ, गुळगुळीत गाठीला वर दिलेल्या पद्धतीत ३ गुण मिळतात आणि ती कमी धोक्याच्या श्रेणीत जाते. सुईतपासणीही येथे अपुरी पडते, कारण आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली गेली आहे काय यावरच निदान अवलंबून असते आणि ते सुट्या पेशींवरून कळत नाही. त्यासाठी गाठ काढून तिच्या आवरणाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. हा कर्करोग लसीका ग्रंथींपेक्षा रक्तावाटे पसरतो, त्यामुळे मानेची सोनोग्राफी निर्दोष असूनही हाडांत प्रसार झालेला असू शकतो.

पॅपिलरी कर्करोगाच्या फॉलिक्युलर उपप्रकारातील आवरणबद्ध, कोठेही शिरकाव नसलेल्या गाठींचे वर्तन इतके सौम्य आढळले, की २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यांच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकण्याची शिफारस केली. या गाठी प्रतिमेतही सहसा गुळगुळीत व वलयांकित दिसतात.

मेड्युलरी कर्करोगात काळसर घन गाठ आणि तुलनेने मोठे कॅल्शियम कण दिसू शकतात. परंतु निदानासाठी रक्तातील कॅल्सिटोनिन अधिक निर्णायक असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. ॲनाप्लास्टिक कर्करोगाच्या बाबतीत सूक्ष्म चिन्हे शोधण्याची वेळच येत नाही. वयस्क रुग्णाची झपाट्याने वाढलेली, काळसर, आत मृत ऊती असलेली व शेजारच्या अवयवांत शिरलेली मोठी गाठ असे त्याचे स्वरूप असते.

लसीका ग्रंथींची तपासणी

कर्करोगाचे निदान झाल्यावर किंवा दाट संशय असल्यास संपूर्ण मानेची सोनोग्राफी करणे आवश्यक मानले जाते, कारण शस्त्रक्रिया किती विस्तृत करावयाची ते त्यावर ठरते. निरोगी लसीका ग्रंथी चपटी व लांबट असून तिच्या मध्यभागी चरबीची उजळ रेघ असते. ही रेघ नाहीशी होणे, ग्रंथी गोल होणे, तिच्यात सूक्ष्म कण किंवा द्रवयुक्त पोकळी दिसणे, तिचा काही भाग अवटू ऊतीसारखा उजळ होणे आणि कडेने अनियमित रक्तप्रवाह आढळणे ही प्रसाराची लक्षणे होत. यांपैकी सूक्ष्म कण आणि द्रवयुक्त पोकळी ही सर्वांत विश्वासार्ह आहेत. नुसता मोठा आकार फसवा असतो. जबड्याखालील ग्रंथी घशाच्या साध्या संसर्गानेही वाढलेल्या असतात.

मानेच्या बाजूंच्या ग्रंथी चांगल्या दिसतात, परंतु श्वासनलिकेलगतच्या मध्य कप्प्यातील ग्रंथी अवटू ग्रंथी जागेवर असताना तिच्या व श्वासनलिकेतील हवेच्या आड दडतात. त्या कप्प्यातील प्रसार सोनोग्राफीत न दिसता शस्त्रक्रियेनंतरच कळणे हे नेहमीचे आहे. उलट हाशिमोतो अवटुशोथात त्याच जागी शोथामुळे वाढलेल्या ग्रंथी दिसून विनाकारण धास्ती निर्माण होते. संशयास्पद ग्रंथीत सुई घातल्यास त्या सुईच्या धुवणातील थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाचे मापन केले जाते. अवटू ग्रंथीबाहेर त्याचे भरपूर प्रमाण आढळणे म्हणजे तेथे विभेदित कर्करोगाच्या पेशी पोचल्याचा पुरावा होय.

फलानुमान

अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे फलानुमान एकंदरीत उत्तम असते. अमेरिकेतील नोंदींनुसार पॅपिलरी कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे आणि मानेतील लसीका ग्रंथींत पसरल्यावरही ते फारसे घटत नाही. दूरच्या अवयवांत प्रसार झाल्यावर मात्र ते सुमारे तीन चतुर्थांशावर येते. ॲनाप्लास्टिक कर्करोगात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी आहे आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच दगावतात. एकाच ग्रंथीत उद्भवणाऱ्या रोगांत इतकी तफावत क्वचितच आढळते.

विभेदित कर्करोगात मृत्यूचा धोका मुख्यतः रुग्णाचे वय, गाठीचा आकार, ग्रंथीबाहेरील उघड वाढ, दूरस्थ प्रसार आणि शस्त्रक्रियेत रोग पूर्णपणे काढला गेला की नाही यांवर अवलंबून असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ साली मांडलेली ‘मॅसिस’ ही गुणपद्धती याच पाच घटकांवर उभी आहे. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या टप्पानिर्धारणाच्या आठव्या आवृत्तीत वयाची सीमा ४५ वरून ५५ वर्षे करण्यात आली. या पद्धतीनुसार ५५ वर्षांखालील रुग्णात दूरस्थ प्रसार नसल्यास गाठ केवढीही असो व लसीका ग्रंथी बाधित असोत वा नसोत, टप्पा पहिलाच धरला जातो. याच आवृत्तीत केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ग्रंथीबाहेरील वाढीचे महत्त्व काढून टाकण्यात आले; स्नायूंत वा त्यापलीकडे डोळ्यांना दिसेल असा शिरकाव तेवढा टप्पा वाढवितो. सोनोग्राफीत दिसणारा शिरकाव याच वर्गात मोडण्याची शक्यता असल्याने त्याचे मूल्य टिकून आहे.

या घटकांपैकी आकार, ग्रंथीबाहेरील वाढ आणि लसीका ग्रंथींची स्थिती सोनोग्राफी शस्त्रक्रियेपूर्वीच सांगू शकते. उभी वाढ, अनियमित कडा, सूक्ष्म कण, आवरणालगतचे स्थान आणि एकाहून अधिक गाठी यांचा लसीका ग्रंथींतील प्रसाराशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. परंतु लसीका ग्रंथींतील प्रसार आणि मृत्यू यांचा संबंध, विशेषतः तरुणांत, क्षीण आहे. म्हणजे ही लक्षणे रोग मानेत पुन्हा उद्भवण्याची शक्यता सुचवितात, आयुर्मानाविषयी थेट काही सांगत नाहीत. मुलांत हे ठळकपणे दिसते. त्यांच्यात लसीका ग्रंथी आणि फुप्फुसे बाधित असण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त असूनही जीवितप्रमाण अत्युत्तम असते. चेर्नोबिल येथील १९८६च्या अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सर्ग झालेल्या प्रदेशांत त्या वेळी बालवयीन वा किशोरवयीन असलेल्यांत २००५ पर्यंत ६,०००हून अधिक अवटू कर्करोगांची नोंद झाली. त्यांपैकी मृत्यू १५ होते.

जनुकीय बदलांशीही प्रतिमेचा काहीसा मेळ बसतो. बीआरएएफ जनुकातील विशिष्ट उत्परिवर्तन असलेले पॅपिलरी कर्करोग प्रतिमेत बहुधा संशयास्पद दिसतात. तथापि हे उत्परिवर्तन अतिशय सामान्य असल्याने एकट्याने ते फलानुमान ठरवीत नाही. त्याच्या जोडीला टर्ट जनुकाच्या प्रवर्तक भागातील उत्परिवर्तन असल्यास रोग अधिक आक्रमक होतो, आणि ही जोडी सोनोग्राफीत दिसत नाही.

अतिनिदान

फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ शवविच्छेदनांच्या अभ्यासात सुमारे ३६ टक्के मृतांच्या अवटू ग्रंथीत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म केंद्र आढळले होते. हयातीत या रोगाचा त्यांना काहीही त्रास झाला नव्हता. अशा सुप्त कर्करोगांचा एवढा साठा लोकसंख्येत असताना निरोगी माणसांची सरसकट सोनोग्राफी केल्यास काय होते, हे दक्षिण कोरियात दिसून आले. तेथील राष्ट्रीय कर्करोग चाळणी कार्यक्रमात अवटू ग्रंथीचा समावेश नव्हता, परंतु अल्प शुल्कात ती जोड-तपासणी म्हणून केली जाऊ लागली. परिणामी २०११ साली या कर्करोगाच्या निदानाचा दर १९९३च्या तुलनेत सुमारे १५ पट झाला आणि त्या एका वर्षात ४०,०००हून अधिक लोकांना कर्करोगाचे निदान मिळाले. मृत्युदर मात्र जागच्या जागी राहिला. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी काढण्यात आली. अशा शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्या लागणे, परावटू ग्रंथींना इजा होऊन कॅल्शियम कमी होणे आणि स्वरतंतूंच्या चेतेला धक्का बसून आवाज बसणे हे परिणाम काही रुग्णांच्या वाट्याला येतात. २०१४ साली तेथील डॉक्टरांच्या एका गटाने या तपासणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतल्यावर तपासण्या, निदाने व शस्त्रक्रिया यांचे प्रमाण झपाट्याने घटले.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१७ साली लक्षणे नसलेल्या प्रौढांची अवटू कर्करोगासाठी चाळणी करू नये अशी शिफारस केली. जपानमध्ये फुकुशिमा येथील २०११च्या अणुदुर्घटनेनंतर सुमारे तीन लाख मुलांची सोनोग्राफी करण्यात आली व अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक कर्करोग आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने ही वाढ किरणोत्सर्गापेक्षा अतिसंवेदनशील तपासणीमुळे झाली असावी असा निष्कर्ष काढला. भारतात केरळमधील तिरुवनंतपुरम येथील नोंदणीत या कर्करोगाचे प्रमाण देशातील बहुतेक नोंदणींपेक्षा बरेच अधिक असून, त्यामागेही अतिनिदानाचा वाटा असल्याचे मत संशोधकांनी मांडले आहे.

सक्रिय निरीक्षण

जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या प्रस्तावावरून १९९३ साली, आणि टोकियोतील कर्करोग संस्थेच्या रुग्णालयात १९९५ साली, १ सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या पॅपिलरी कर्करोगावर तत्काळ शस्त्रक्रिया न करता नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवण्यास प्रारंभ झाला. कुमा रुग्णालयातील १,२३५ रुग्णांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांतच गाठ ३ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढली आणि सुमारे ४ टक्के रुग्णांत लसीका ग्रंथींत नवा प्रसार दिसला. ज्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया झाली त्यांनाही विलंबामुळे अपाय झाला नाही, आणि या कर्करोगाने कोणीही दगावले नाही.

या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मोठ्या पॅपिलरी कर्करोगात वाढते वय हा प्रतिकूल घटक असतो; परंतु सूक्ष्म कर्करोग वृद्धांत सर्वांत कमी आणि तरुणांत सर्वांत अधिक वाढतात. टोकियोतील निरीक्षणानुसार गाठीतील कॅल्शियम वयाबरोबर वाढत जाते व रक्तप्रवाह मंदावतो, आणि असा बदल झालेल्या गाठी सहसा वाढत नाहीत. निदानात दुय्यम ठरलेला रक्तप्रवाह येथे पुन्हा उपयोगी पडतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोणत्या गाठीवर नुसते लक्ष ठेवता येईल हेही सोनोग्राफीच ठरविते. गाठ श्वासनलिकेला विशाल कोनात चिकटलेली असल्यास, स्वरयंत्राकडे जाणाऱ्या चेतेच्या मार्गात असल्यास किंवा लसीका ग्रंथी बाधित असल्यास निरीक्षणाचा पर्याय दिला जात नाही. अशी नियमित तपासणी अनुभवी हातांनी आणि वर्षानुवर्षे व्हावी लागते. ज्या रुग्णाला वारंवार शहरात येणे शक्य नाही, त्याच्यासाठी हा मार्ग कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो नसतो.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रियेनंतर ६ ते १२ महिन्यांनी मानेची सोनोग्राफी व रक्तातील थायरोग्लोब्युलिनचे मापन केले जाते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार दोन्ही निर्दोष असल्यास उपचारांना उत्कृष्ट प्रतिसाद मिळाला असे समजतात. अशा रुग्णांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण १ ते ४ टक्के आणि या रोगाने मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असते. प्रतिमेत रोग स्पष्ट दिसत राहिल्यास मात्र अधिक उपचार करूनही निम्म्याहून जास्त रुग्णांत तो टिकून राहतो. फलानुमान शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदाच ठरत नसून प्रत्येक तपासणीगणिक सुधारून घ्यावयाचे असते, हा विचार यामागे आहे.

ग्रंथी काढल्यावर तिच्या रिकाम्या जागेत टाक्यांचे कण, व्रणऊती, उरलेली ग्रंथीऊती किंवा परावटू ग्रंथी दिसून पुनरुद्भवाचा भास होऊ शकतो. त्याच जागी काही मिलिमीटरची न वाढणारी ठिणगी आढळल्यास लगेच दुसरी शस्त्रक्रिया न करता तिच्यावर लक्ष ठेवणे पसंत केले जाते, कारण व्रणांनी भरलेल्या मानेत पुन्हा शस्त्रक्रिया करताना चेता व परावटू ग्रंथींना असलेला धोका वाढतो. लसीका ग्रंथीत सुई घालण्याचा विचारही साधारणपणे तिचा लहान व्यास ८ ते १० मिलिमीटर झाल्यावरच केला जातो.

मर्यादा

सोनोग्राफीचा अहवाल तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो. कडा आणि सूक्ष्म ठिपके यांविषयी दोन अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद होतात, आणि एका गुणाच्या फरकाने श्रेणी बदलते. छातीच्या हाडामागे उतरलेला गलगंड, श्वासनलिकेच्या आतील शिरकाव व घशामागील लसीका ग्रंथी ध्वनिलहरींच्या आवाक्याबाहेर राहतात. तेथे सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. गुणांकन पद्धतींतील टक्केवारी ज्या रुग्णसमूहांवरून काढली आहे त्यांत पॅपिलरी कर्करोगाचेच प्राबल्य असल्याने इतर प्रकारांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. गुणांकनाची शिस्त न पाळता लिहिलेल्या अहवालात ‘गाठ आढळली, सुईतपासणी करावी’ एवढेच शब्द असतात. अशा अहवालावरून गाठीचा धोका अजमावता येत नाही आणि पुढील वर्षीच्या तपासणीशी तुलनाही करता येत नाही. गाठीची तिन्ही मापे, तिचे ग्रंथीतील नेमके स्थान, पाचही वैशिष्ट्यांची नोंद आणि लसीका ग्रंथींची स्थिती असलेला अहवाल त्यासाठी आवश्यक असतो.